दोन नकाशे आणि मधला कोरा चौकोन

पायपीट्या (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या महिन्यात माळा आवरताना दोन नकाशे सापडले. एक चिलीतल्या पुएर्तो नातालेसला घेतलेला, दुसरा अर्जेंटिनातल्या एल कालाफातेला. दोन्ही एकाच मुलखाचे. बायको म्हणाली, यातला एक तरी रद्दीत टाक. कुठला टाकायचा ते ठरवायला दोन्ही फरशीवर शेजारी शेजारी अंथरले आणि तासभर तिथेच फतकल मारून बसलो.

अर्जेंटिनाच्या नकाशावर दोन देशांमधली सीमा बर्फावरून वळणं घेत सलग खाली गेली आहे. चिलीच्या नकाशावर तीच रेषा उत्तरेकडून येते आणि फिट्झ रॉय शिखरापाशी थांबते. पुढे एक चौकोन आहे. त्यात रेषाच नाही, फक्त बारीक अक्षरांत लिहिलंय की इथली सीमा अजून आखलेली नाही. मुरायोन नावाच्या डोंगरापासून रेषा पुन्हा सुरू. मधले पन्नासेक किलोमीटर कोणाचे, याला उत्तर नाही.

तो चौकोन ज्याच्यावर पडलाय ते दक्षिण पातागोनियाचं हिमक्षेत्र. चिलीवाले त्याला 'कांपो दे इएलो सुर' म्हणतात, अर्जेंटिनावाले 'इएलो कोंतिनेंताल'. म्हणजे नावापासूनच बोंब. क्षेत्रफळ १२ हजार चौरस किलोमीटरच्या वर. आपला अख्खा सातारा जिल्हा आणि वर जवळजवळ अर्धा गोवा त्यात मावेल. उत्तर-दक्षिण लांबी साडेतीनशे किलोमीटर, म्हणजे सरळ रेषेत नाशिक ते कोल्हापूर. रुंदी मात्र सरासरी ३५ किलोमीटरच. अंटार्क्टिका वगळलं तर दक्षिण गोलार्धात एका जागी इतका बर्फ दुसरीकडे कुठेही नाही.

आता अक्षांश बघा. साधारण ४८ ते साडेएक्कावन्न दक्षिण. उत्तर गोलार्धात हेच अक्षांश पॅरिस आणि लंडनचे! तिथे लोक बागेत बसून कॉफी पितात आणि इथे हिमनद्या थेट समुद्रात उतरतात. कारण सगळं वाऱ्यात आहे. न्यूझीलंड सोडलं की चिलीच्या किनाऱ्यापर्यंत वाऱ्याला अडवायला काहीच नाही. हजारो किलोमीटर समुद्राचं बाष्प पिऊन आलेला तो पश्चिमेचा वारा आँदिजवर आपटतो आणि सगळं ओझं तिथेच टाकून मोकळा होतो. पश्चिम उतारावर वर्षाला काही मीटर पाऊस आणि हिम. पूर्वेला कालाफाते गावात कसाबसा २०० मिलिमीटरच्या आसपास. गगनबावडा आणि माण-खटाव डोळ्यांसमोर आणा, फक्त घाटमाथ्यावर जांभ्याच्या सड्याऐवजी शेकडो मीटर जाड बर्फ ठेवा.

मी हे बर्फ पाहिलं ते एल चाल्तेन गावाहून. तिथून चार दिवसांची उएमुल डोंगराची प्रदक्षिणा आहे. निघण्याआधी वनरक्षकांच्या कचेरीत नाव नोंदवावं लागतं आणि कमरेचा हार्नेस, दोर, कॅराबिनर (दोर अडकवायच्या कड्या) दाखवावे लागतात, कारण वाटेत दोन ठिकाणी नदीवर नुसती तार आहे. तारेला लटकायचं आणि हातांनी ओढत पलीकडे जायचं. दुसऱ्या दिवशी 'पासो देल व्हिएंतो' ही खिंड. नावाचा अर्थच वाऱ्याची खिंड. शेवटचे वीस-पंचवीस पावलं मी अक्षरशः रांगत गेलो. वर पोचल्यावर एका दगडाला पाठ लावली, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि समोर पाहिलं.

खाली व्हिएद्मा हिमनदी. तिच्यावर लांबच लांब काळे पट्टे, सतरंजी अंथरल्यासारखी. दोन हिमनद्या मिळतात तेव्हा दोघींच्या कडेचा दगडगोटा मध्ये येऊन ते पट्टे पडतात. आणि तिच्यापलीकडे नुसतं पांढरं. त्या पांढऱ्याला लांबी-रुंदीच कळत नाही. मला मध्ये एक काळा ठिपका दिसला, वाटलं कोणीतरी तंबू ठोकलाय. सोबतच्या इतालियन मुलीला दाखवला तर ती हसायला लागली. तो डोंगर होता.

आता मुद्द्यावर येतो. १८८१ च्या तहात लिहिलंय की सीमा आँदिजच्या त्या सर्वांत उंच शिखरांवरून जाईल, जी पाणी विभागतात. वाचायला सोपं आहे. पण जिथे पाणीच गोठून पठार झालंय तिथे ते 'विभागतं' म्हणजे नेमकं कुठे? मी त्या दगडाला टेकून बराच वेळ हाच विचार करत होतो. जाणकारांनी भर घालावी.

ताकभात

वाचतेय. नकाशा रद्दीत टाकू नका हो, वहिनींना आमच्यातर्फे सांगा. सतरंजीची उपमा आवडली.

निवांत_नाना

छान लिहिलंय. एक बाळबोध शंका. हे आपल्या सियाचीनसारखंच की. मग सरळ हिमनदी म्हणा, हे 'हिमक्षेत्र' काय नवीन काढलंय?

दगडफोड्या

नाना, बाळबोध नाही, अगदी मुळातली शंका आहे. सियाचीन साधारण ७६ किलोमीटर लांब आहे, पण ती एका दरीतून वाहणारी नदी आहे. दोन्ही बाजूंना डोंगर आणि मध्ये बर्फ. हिमक्षेत्रात उलटा प्रकार. सगळ्या दऱ्या बर्फाने काठोकाठ भरून, एकमेकींत मिसळून वर पठार होतं आणि डोंगरांची फक्त डोकी बाहेर राहतात. या पठारावरून मग चहूबाजूंना हिमनद्या उतरतात. इथे अशा मोठ्या हिमनद्या पन्नासच्या आसपास आहेत. पश्चिमेच्या पॅसिफिकच्या चिंचोळ्या खाड्यांमध्ये शिरतात, पूर्वेच्या गोड्या पाण्याच्या तळ्यांमध्ये. डोंगरांची डोकीसुद्धा बुडाली आणि वर घुमट झाला तर ती हिमटोपी. ती टोपी ५० हजार चौरस किलोमीटरच्या पुढे गेली की हिमचादर, आणि अशा चादरी आज फक्त ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या अंगावर आहेत.

बर्फातून वर आलेल्या त्या डोक्यांना नुनाताक म्हणतात. शब्द ग्रीनलंडच्या इन्युइटांचा. पायपीट्या ज्याला तंबू समजले तो नुनाताक. आणि लाजू नका, तज्ज्ञांचीही फसगत झाली आहे. व्हिएद्मा हिमनदीतल्या एका नुनाताकाची नोंद वर्षानुवर्षं ज्वालामुखी म्हणून होती. पुढे कोणीतरी जाऊन दगड तपासला तर तो रूपांतरित खडक निघाला, ज्वालामुखीचा पत्ताच नाही. खरा ज्वालामुखी तिथून उत्तरेला आहे, लाउतारो नावाचा, साडेतीन हजार मीटरच्या वर. चारही बाजूंनी बर्फ आणि माथ्यावर वाफ.

तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल. बर्फ खालच्या जमिनीच्या उतारापेक्षा स्वतःच्या पृष्ठभागाच्या उताराप्रमाणे वाहतो. खाली दरी असो की कडा, वरचा बर्फ जिकडे कलेल तिकडे जातो. म्हणजे बर्फावरची पाणीवाटणीची रेषा एकीकडे आणि बर्फाखालच्या खडकातली दुसरीकडे असू शकते. शिवाय एका बाजूचा बर्फ जास्त पातळ झाला की वरची रेषा दुसऱ्या बाजूला सरकते. तहात यातली कुठली रेषा म्हटली आहे ते वकिलांना विचारा, मी दगडांचा माणूस.

नकाशेवेडी

अखेर माझ्या आवडीचा धागा! थोडं लांबेल, आधीच माफी.

'सर्वांत उंच शिखरं जी पाणी विभागतात' हे वाक्य लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं की उंच शिखरांची ओळ आणि पाण्याची ओळ एकच असते. पातागोनियात ती तशी नाही. कितीतरी नद्या शिखरांच्या पूर्वेला उगम पावतात आणि डोंगररांग फोडून पॅसिफिकला जातात. मग चिली म्हणालं पाणी बघा, अर्जेंटिना म्हणालं शिखरं बघा.

अर्जेंटिनाचा सीमातज्ज्ञ होता फ्रान्सिस्को मोरेनो. 'पेरितो' म्हणजे तज्ज्ञ, तिथल्या प्रसिद्ध 'पेरितो मोरेनो' हिमनदीचं नाव यांच्यावरूनच. या पठ्ठ्याने १८९८ मध्ये काय केलं असेल? फेनिक्स नावाची एक छोटी नदी वळून तळ्यात जायची आणि तिचं पाणी शेवटी पॅसिफिकला मिळायचं. मोरेनोने थोडे मजूर घेतले, काही दिवसांत चर खणला आणि नदी तिच्या जुन्या पात्रात ढकलून अटलांटिककडे धाडली. एवढ्यासाठी की बघा, तुमची ही पाणीवाटणी फावड्याने बदलता येते, तिच्यावर देशाची सीमा कसली ठरवता! मला हा माणूस बेरकी वाटतो, पण मुद्दा बिनतोड आहे.

शेवटी प्रकरण लवादाकडे, ब्रिटनच्या राजाकडे गेलं. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डने निवाडा दिला. त्याच्या वतीने प्रत्यक्ष जागेवर फिरून आलेला अधिकारी होता सर टॉमस होल्डिच, ज्याची उभी हयात हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीच्या मोजणीत गेली होती. त्या काळी सीमेचं भांडण म्हटलं की असा माणूस लागायचा बहुतेक. फिट्झ रॉय शिखर सीमेवर आहे हे दोन्ही तज्ज्ञांनी १८९८ मध्येच मान्य केलं होतं. पण तिथून दक्षिणेला बर्फातून रेषा कशी न्यायची याची कोणालाच घाई नव्हती, कारण आत काय आहे ते कोणी पाहिलंच नव्हतं.

पुढची गोष्ट झटपट. बर्फाला लागूनच लागुना देल देसिएर्तो नावाचं तळं आहे. १९६५ मध्ये तिथे दोन्ही देशांच्या सरहद्दीवरच्या शिपायांत चकमक झाली आणि चिलीचा लेफ्टनंट एर्नान मेरिनो मारला गेला. त्या तुकड्याचा निकाल १९९४ मध्ये लवादाने अर्जेंटिनाच्या बाजूने दिला. दरम्यान १९८५ मध्ये अर्जेंटिनाने फिट्झ रॉयच्या पायथ्याला माळावर एल चाल्तेन गाव वसवलं. आज गिर्यारोहकांची पंढरी म्हणून मिरवतं, पण मुळात ते 'ही जागा आमची' हे सांगायला बसवलेलं गाव. बर्फावर सरळ तुटक रेषांनी सीमा आखायचा करार १९९१ मध्ये झाला, तो संसदांमध्ये अडकला. मग १९९८ चा करार, ज्यात मुरायोनपासून दक्षिणेची रेषा ठरली आणि फिट्झ रॉय ते मुरायोन हा भाग दोघांनी मिळून १:५०,००० चा नकाशा केल्यावर ठरवू असं लिहिलं. तोच तुमचा चौकोन. आज २५ वर्षं उलटून गेली.

जाता जाता: त्या भागातल्या एकाच तळ्याचं चिलीत नाव ओ'हिगिन्स आणि अर्जेंटिनात सान मार्तिन. दोघेही स्पेनविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढलेले सेनानी. तळं ८३६ मीटर खोल, दोन्ही अमेरिकांत सर्वांत खोल. रेषा मधून गेली आणि दोन मित्र दोन काठांवर बसले.

ताकभात

नकाशेवेडी, 'दोन मित्र दोन काठांवर' ला दंडवत. वेगळा धागा काढाच.

कोपऱ्यातला

सगळं ठीक आहे, पण एक विचारतो. पेरितो मोरेनो हिमनदी कमी होत नाहीये, उलट पुढे येते असं मी शाळेत असल्यापासून वाचतोय. मग हे तापमानवाढीचं काय? सोयीचं तेवढं सांगतात असं माझं स्पष्ट मत आहे.

दगडफोड्या

कोपऱ्यातले साहेब, तुम्ही वाचलं ते बराच काळ बरोबर होतं, आता राहिलेलं नाही. विसाव्या शतकातला बहुतेक काळ ती हिमनदी जागच्या जागी होती. पण का होती ते बघा. तळ्यात संपणारी हिमनदी नुसती वितळत नाही, तिचं तोंड तुटून तुटून हिमनग होतात. तोंड खोल पाण्यात असेल तर तुटण्याला धरबंध राहत नाही. उथळ खडकावर टेकलं असेल तर ती तिथे पाय रोवून उभी राहते. पेरितो मोरेनोचं तोंड समोरच्या माग्यानेस द्वीपकल्पाला आणि पाण्याखालच्या खडकाला टेकून होतं. २०१९ नंतर तिचा बर्फ आधीपेक्षा कैक पटींनी वेगाने पातळ होऊ लागला आणि ती मागे सरकू लागली आहे. टेकू सुटला की पुढे काय होतं ते शेजारच्या उपसाला हिमनदीने दाखवलंय, ती किती मागे गेली ते बोटीतून फिरवणारेही सांगतात. उत्तर टोकाची होर्हे मोंत तर २०१० च्या सुमाराला एका वर्षात एक किलोमीटर मागे गेली. ओ'हिगिन्स हिमनदी विसाव्या शतकात १५ किलोमीटरच्या आसपास.

उलटं उदाहरणही देतो, म्हणजे सोयीचं तेवढं सांगितलं असं होणार नाही. पश्चिमेला पिओ अकरावा नावाची हिमनदी आहे. सुमारे १,२०० चौरस किलोमीटर, या हिमक्षेत्रातली सर्वांत मोठी. ती १९४५ पासून कित्येक किलोमीटर पुढे आली आहे. पुढे येताना जिवंत झाडं मुळासकट लोळवत आली. तिला दोन तोंडं, एक खारट खाडीत, एक तळ्यात. नाव पोप अकरावा पायस यांच्यावरून, जे तरुणपणी स्वतः पट्टीचे गिर्यारोहक होते. एक हिमनदी पुढे आली म्हणून सगळं हिमक्षेत्र वाढतंय असं होत नाही. एकूण हिशेब तोट्याचा आहे, आणि मोठ्या तोट्याचा.

कोपऱ्यातला

बरं. २०१९ नंतरचं माहीत नव्हतं. स्पष्ट मत थोडं मागे घेतो, उपसालाएवढं नाही.

पायपीट्या

हाहा, कोपऱ्यातले साहेब, हे वाक्य आवडलं.

पेरितो मोरेनोची एक गंमत राहिली. तिचं तोंड समोरच्या द्वीपकल्पाला चिकटलं की लागो आर्खेंतिनो तळ्याचा दक्षिणेचा फाटा, ब्रासो रिको, मुख्य तळ्यापासून तुटतो. पाणी जायला वाट नाही, म्हणून त्या बाजूला ते वीस-पंचवीस मीटरपर्यंत चढतं, काठचे माळ बुडतात. मग दाबाने पाणी बर्फाच्या तळाशी बोगदा कोरतं, वर कमान उरते आणि एके दिवशी ती कमान प्रचंड आवाज करत कोसळते. १९३९ मध्ये पाणी चढत चाललं म्हणून अर्जेंटिनाच्या नौदलाने विमानातून त्या बांधावर बॉम्ब टाकले होते. बर्फाला ढिम्म काही झालं नाही. १९८८ नंतर थेट २००४ मध्ये कमान फुटली, त्यानंतर मात्र दर दोन-चार वर्षांनी. २०१८ मध्ये हजारो पर्यटक दिवसभर कॅमेरे रोखून बसले आणि कमान पडली रात्री, उद्यान बंद झाल्यावर. आता तोंडच मागे सरकतंय म्हटल्यावर हा खेळ पुन्हा बघायला मिळेल की नाही शंकाच आहे.

कोणीतरी खासगी निरोपात वाऱ्याबद्दल विचारलं, त्याचं उत्तर इथेच देतो. चाल्तेनच्या एका दुकानातून मी तंबू भाड्याने घेतला. दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणाला, कुठल्याही वाऱ्यात टिकेल. खिंड ओलांडल्यावर दुसऱ्या रात्री एकच्या सुमाराला बंदुकीसारखा आवाज झाला. तंबूची मधली काठी मोडून कापड फाडून बाहेर आली होती. उरलेली रात्र मी तंबूचं कापड अंगाभोवती गुंडाळून, पाठीवरची सॅक डोक्याशी घेऊन पडून काढली. तिकडचा वारा आपल्यासारखा सारखा वाहत नाही. आधी लांबून आगगाडी येतेय असा आवाज येतो. मग दोन सेकंद सगळं शांत. मग धडक. सकाळपर्यंत मी त्या दोन सेकंदांत श्वास रोखायला शिकलो होतो. खाली आल्यावर त्याच दुकानदाराने अनामत रक्कम कापून घेतली. वर मला समजावलं की तंबू वाऱ्याकडे आडवा लावला होतास. लावलाही असेन.

साळुंकी

कोणी किड्याबद्दल बोललं नाही म्हणून मी बोलते. या बर्फावर एक किडा राहतो, आंदिपेर्ला विलिंकी. लोक त्याला पातागोनियाचा ड्रॅगन म्हणतात, पण आहे जेमतेम बोटाच्या पेराएवढा. पंख नाहीत. काळसर अंग, पुढे दोन मिशा, मागे दोन शेपट्या. बर्फातल्या बारीक भेगांमध्ये आणि वितळलेल्या पाण्याच्या खळग्यांत राहतो आणि तिथल्या शेवाळावर आणि सूक्ष्मजीवांवर जगतो. गोठत कसा नाही, तर त्याच्या अंगातला द्रव गोठणबिंदू खाली नेतो. अंड्यापासून मरेपर्यंत सगळं आयुष्य बर्फात.

मी पेरितो मोरेनोवर बुटांना काटे बांधून चालायला गेले होते तेव्हा वाटाड्याने एका निळ्या खळग्यापाशी सगळ्यांना गुडघ्यांवर बसवलं आणि बोटाने दाखवला. लोक हिमकडा पडतोय का म्हणून वर बघत होते, मी दहा मिनिटं खाली बघत होते. तळहातावर घ्यायला मनाई आहे. आपल्या हाताची ऊब त्याला चटका लावते म्हणे.

डोंगरभूल

उशिरा आलो. नकाशेवेडीताईंनी म्हटलं की आत काय आहे ते कोणी पाहिलंच नव्हतं. त्याला जोडून.

१८३४ मध्ये 'बीगल' जहाजाचा कप्तान फिट्झरॉय आणि तरुण डार्विन तीन होड्या घेऊन सांता क्रूस नदीतून उलटे वर निघाले. प्रवाह इतका जोराचा की काठावरून दोरांनी होड्या ओढायच्या, त्यात डार्विनही. धान्य संपत आलं तेव्हा लांबवर बर्फाचे डोंगर दिसत होते, पण ते मागे फिरले. ती नदी ज्या तळ्यातून निघते त्या लागो आर्खेंतिनोपर्यंत ते पोचलेच नाहीत. १८७७ मध्ये तळ्याला नाव दिलं मोरेनोने, आणि त्यानेच चाल्तेन शिखराला कप्तानाचं नाव दिलं. चाल्तेन हा तिथल्या तेउएल्चे लोकांचा शब्द. शिखरावर कायम ढग लोंबतो म्हणून धुराचा डोंगर. मला विचाराल तर नाव बदलायची काही गरज नव्हती.

आता आपल्या जवळची माणसं. शिप्टन आणि टिलमन ही ब्रिटिश गिर्यारोहकांची जोडगोळी १९३४ मध्ये ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या पायथ्याच्या आतल्या खोऱ्यात पहिल्यांदा शिरली. १९३६ मध्ये टिलमन नंदादेवीच्या शिखरावरही पोचला. पुढे म्हातारपणी दोघांनाही हेच हिमक्षेत्र खुणावत राहिलं, पण वेगवेगळं. टिलमन १९५५ मध्ये 'मिस्चिफ' नावाच्या जुन्या शिडाच्या होडीतून अटलांटिक ओलांडून पॅसिफिकच्या खाड्यांत आला. तिथून बर्फ चढून पलीकडच्या लागो आर्खेंतिनोपर्यंत गेला आणि तसाच परत होडीवर आला. वय ५७. शिप्टनने १९६०-६१ मध्ये तिघांना घेऊन उत्तरेकडून शिरून लागो आर्खेंतिनोला बाहेर पडायला ५२ दिवस घेतले. वय ५३. आणि संपूर्ण लांबी पार करायला चौघा चिली गिर्यारोहकांना १९९८-९९ साल उजाडावं लागलं. ९८ दिवस. त्यातले बरेच दिवस तंबूत, वारा थांबायची वाट बघत. हे पठार सपाट नाही. रेइचेर्टची फट म्हणून एक खोल दरी त्याला मध्येच आडवी कापते, तिथे खाली उतरून पुन्हा वर चढावं लागतं.

गंमत अशी की त्यातले काही दिवस ही माणसं नक्की कुठल्या देशात चालत होती हे कोणालाच सांगता आलं नसतं.

निवांत_नाना

धागा रात्री वाचायला घेतला आणि दूध उतू गेलं, याची नोंद घ्यावी.

दगडफोड्या, एक राहिलं. इतकं बर्फ कमी होतंय तर खालच्या जमिनीवरचं ओझं कमी होतंय की. मग जमीन काय करते?

दगडफोड्या

नाना, तुम्ही निवृत्त शिक्षक आहात ही शंका आता खात्रीत बदलली.

जमीन वर येते. आणि तिथे विलक्षण वेगाने येते. फिट्झ रॉयच्या आसपास लावलेली जीपीएस यंत्रं वर्षाला सुमारे ४ सेंटिमीटर उचल दाखवतात. बर्फ गेल्यामुळे जमीन उचलली जाण्याचा जगातल्या सर्वांत मोठ्या वेगांपैकी हा एक. ओझं उतरलेल्या गादीसारखं समजा. पण प्रत्येक गादी इतक्या लवकर फुगत नाही, स्कँडिनेव्हियाची गादी हिमयुग संपून हजारो वर्षं झाली तरी अजून वर्षाला सेंटिमीटरभरच वर येते. पातागोनियात जलद का, तर उत्तरेला थोड्या अंतरावर समुद्रतळाची एक फुटलेली कडा दक्षिण अमेरिकेखाली शिरते. तिच्यामुळे खाली खिडकी उघडल्यासारखी झाली आहे आणि वरचं प्रावरण (जमिनीच्या कवचाखालचा खडकाचा थर) गरम आणि मऊ आहे. मऊ असल्यामुळे ते पटकन हलतं.

म्हणजे बघा, सीमेची रेषा ज्या बर्फाने ठरायची तो सरकतोय, आणि ज्या शिखरांनी ठरायची ती वर चाललीत.

नकाशेवेडी

दगडफोड्या, हे दोन्ही देशांच्या परराष्ट्र खात्यांना सांगू नका. १:५०,००० चा नकाशा अजून झालेला नाही, आणखी २५ वर्षं जातील.

ताकभात

पायपीट्या, नकाशाचं काय झालं शेवटी? आणि फोटो? इतकं सगळं लिहिलंत पण फोटो एकही नाही. नियम तोडला म्हणून धागा उडवायची शिफारस करते.

पायपीट्या

दोन्ही नकाशे वाचले. चिलीचा बैठकीत लावलाय, अर्जेंटिनाचा परत माळ्यावर. बायको म्हणते, निदान एकात तरी भिंतीवर थोडी मोकळी जागा दिसते.

फोटो वर टाकले आहेत, तेवीस. सगळे पांढरे दिसतात, त्याला माझा इलाज नाही. सातव्या फोटोत मधोमध जो काळा ठिपका आहे तो मी नाही, नुनाताक आहे. मी एकोणिसाव्यात आहे, तंबूच्या कापडात.